खरजेची गोळी: एकट्याने घेऊन भागत नाही

खरजेवर पोटात घ्यायची आयव्हरमेक्टिन नावाची गोळी असते हे अजूनही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. "कातडीचा रोग आहे, मग औषध कातडीलाच लावायचं ना?" हा प्रश्न भांडुपला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हमखास येतो. ज्यांना गोळी माहीत असते, ते बहुतेक वेळा ती एकटेच घेतात, एकदाच घेतात आणि तिसऱ्या दिवशी खाज थांबली नाही म्हणून गोळीलाच नावं ठेवतात. गोळी चांगली आहे. ती कधी, किती जणांनी आणि किती वेळा घ्यायची याचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा लागतो, आणि तो हिशेब सगळा खरजेच्या किड्याच्या दिनक्रमावर बेतलेला आहे.

हा किडा कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला, आठ पायांचा. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते, म्हणजे डोळे ताणून पाहिलं तरी ठिपका दिसला तर दिसला. ती आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरात आडवं बीळ खणते आणि पुढे सरकता सरकता रोज दोन-तीन अंडी घालत जाते. महिना-दीड महिना तिचा हाच उद्योग चालतो. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, पिल्लं वर येतात, मोठी होतात आणि दहा ते चौदा दिवसांत त्यांच्यातल्या माद्या स्वतःची बिळं खणायला तयार होतात. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे गोळीच्या दुसऱ्या डोसाशी त्यांचा थेट संबंध येणार आहे.

बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, बेंबीभोवती, परकराची किंवा पायजम्याची नाडी जिथे आवळते तिथे आणि पुरुषांच्या जननेंद्रियावर ही बिळं सापडतात. निरखून पाहिलं तर पाच-सात मिलिमीटरची वेडीवाकडी राखाडी रेघ दिसते आणि तिच्या एका टोकाला बारीक फोड असतो. पूर्वी डॉक्टर त्या जागेवर शाईचं पेन फिरवून स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. वरची शाई निघून जायची, बिळात झिरपलेली तेवढी राहायची आणि बीळ उठून दिसायचं. आता बऱ्याच स्किन ओपीडीत डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, असतो. त्याखाली रेघेच्या टोकाला एक इवलासा गडद त्रिकोण दिसतो. तो त्या मादीच्या डोक्याकडचा भाग. एकदा हा त्रिकोण पाहिला की "अंगात उष्णता झालीये" या निदानावरचा विश्वास कायमचा उडतो.

अंगभर खाज सुटलेल्या माणसाला वाटतं, आपल्या अंगावर हजारो किडे फिरतायत. प्रत्यक्षात साध्या खरजेत ते सगळे मिळून दहा-पंधरा असतात. खाज त्यांच्या चावण्याची नसतेच. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांची आपल्या शरीराला ॲलर्जी येते आणि म्हणून पोट, मांड्या, जिथे एकही बीळ नाही तिथेही पुरळ उठतं. रात्री ही खाज जास्त छळते.

ही ॲलर्जी पहिल्यांदा तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या मते खरजेबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगावी. किडा अंगावर आलेला आहे, बिळं खणतो आहे, अंडी घालतो आहे आणि त्या माणसाला महिनाभर काहीच जाणवत नाही. त्या महिन्यात तो शेजारी झोपणाऱ्याला खरूज देत असतो. पूर्वी कधी खरूज होऊन गेली असेल तर मात्र शरीर ओळखतं आणि एक ते चार दिवसांत खाज सुरू होते. म्हणून एकाच घरात एकाला आज खाज असते, दुसऱ्याला पंधरा दिवसांनी सुटते आणि तिसरा "मला काही नाही" म्हणत सगळ्यांना पुरून उरतो.

आता हे मुंबईच्या खोलीत आणून बघा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टीतली त्याहून लहान. रात्री जमिनीवर एकाला एक लागून अंथरुणं पडतात, लहान मूल आज आईजवळ तर उद्या आजीच्या कुशीत. खरूज पसरायला अंगाला अंग बराच वेळ लागावं लागतं, दहा-पंधरा मिनिटं वगैरे. घाईघाईत हात मिळवण्याने सहसा होत नाही. लोकलमध्ये कोणाचा घामट दंड घासला म्हणून घरी येऊन घाबरण्याचंही कारण नाही. खरूज घरी, अंथरुणात मिळते. तिचा अस्वच्छतेशी लोक लावतात तितका संबंध नाही. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही ती होते, कारण किडा साबणाने धुऊन निघत नाही.

गोळीच्या आधी मलमाबद्दल बोलायला हवं. परमेथ्रिन ५ टक्के हे चांगलं औषध आहे आणि बऱ्याच डॉक्टरांची पहिली पसंती तेच असतं. अडचण लावण्यात आहे. मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, जांघेत, सगळीकडे लावायचं आणि आठ ते बारा तास ठेवायचं. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. लोक येतात आणि एक ट्यूब घेऊन चौघांत पुरवतात, तीही फक्त खाजतं तिथे लावून. शिवाय सहा माणसांच्या एका खोलीत सगळे कपडे उतरवून अंगभर मलम चोपडायला आडोसा कुठून आणायचा? एक ताई सांगत होत्या, रात्री मलम लावलं, पहाटे पाणी आलं म्हणून उठून हंडे भरले, भांडी घासली, डब्याच्या पोळ्या लाटल्या. म्हणजे जिथे किड्यांची सगळ्यात जास्त वस्ती, त्या हातांवरचं औषध पहाटेच धुऊन गेलं. हात धुतले की हातांना पुन्हा मलम लावायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

अशा घरांत गोळी उपयोगी पडते. ती पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून काही तासांत कातडीत पोहोचते, तेलकट ग्रंथींमधूनही बाहेर येते. किडा आपल्या कातडीतल्या पेशी आणि त्यांतला ओलावा खाऊन जगतो, तेव्हा औषध त्याच्या पोटात जातंच. पाठीवर हात पोहोचला नाही, बेचकी राहून गेली, हा प्रश्न उरत नाही.

किड्यावर ती काय करते? त्याच्या नसांवर आणि स्नायूंवर एक प्रकारची बारीक दारं असतात, ग्लुटामेट नावाच्या रसायनाच्या इशाऱ्यावर उघडणारी. आयव्हरमेक्टिन त्यांना चिकटून ती उघडीच ठेवतं. त्यातून क्लोराइडचे कण आत शिरत राहतात, नस थंड पडते आणि किड्याला लकवा मारतो. हलता येत नाही, खाता येत नाही, तो मरतो. आपल्या शरीरात ही दारं नाहीत. थोडीफार तशी दिसणारी दारं आपल्या मेंदूत आहेत, पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा हे औषध सहसा आत येऊ देत नाही. हा पहारा ज्या जनुकामुळे उभा असतो ते कोली जातीच्या काही कुत्र्यांत बिघडलेलं असतं, आणि त्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस जिवावर बेततो. जनावरांचं इंजेक्शन किंवा औषध माणसाने स्वतःच्या हिशेबाने घेऊ नये, याला एवढं कारण पुरे.

या औषधाचा जन्म जपानमधला. शिझुओका प्रांतात कावाना इथल्या गोल्फच्या मैदानाजवळची माती सातोशी ओमुरा यांनी १९७०च्या दशकात गोळा केली. त्या मातीतल्या एका जिवाणूने तयार केलेल्या पदार्थात परजीवी मारण्याची ताकद आहे, हे मर्क या औषध कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने दाखवलं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं आणि १९८७ मध्ये आफ्रिकेत नदीकाठच्या गावांत एका जंतामुळे येणाऱ्या अंधत्वावर माणसांसाठी मंजूर झालं. २०१५ च्या वैद्यकातल्या नोबेल पारितोषिकात ओमुरा आणि कॅम्पबेल दोघांचाही वाटा होता. खरजेसाठी त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा मिळाली ती २०१९ मध्ये.

डोस वजनावर ठरतो. दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, ४५ किलोच्या माणसाला ९. आपल्याकडे ३, ६ आणि १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्यामुळे जुळवाजुळव सोपी असते. ती डॉक्टरांनी करायची, शेजारच्या काकांच्या उरलेल्या पाकिटातून नाही. वजन माहीत नसेल तर आधी काट्यावर उभे राहा. "असेन पन्नास-पंचावन्न" म्हणणारे काट्यावर सत्तर भरलेले मी रोज पाहतो, आणि कमी डोस गेला की किडा अर्धमेला होऊन पुन्हा उठतो.

उपाशीपोटी की जेवून, यावर दुकानात नेहमी गोंधळ होतो. गोळीच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा उपाशीपोटी घ्या असं असतं. ती सूचना पोटातल्या जंतांसाठीच्या उपचारातून आलेली आहे. खरजेत औषध कातडीपर्यंत भरपूर पोहोचायला हवं, आणि हे औषध चरबीत विरघळणारं आहे. तुपातेलाच्या जेवणानंतर घेतलं तर ते रक्तात जवळजवळ अडीच पट उतरतं. म्हणून खरजेसाठी बहुतेक मार्गदर्शनांत ती जेवणासोबत घ्यायला सांगितली आहे. वरणभातावर तूप घ्या आणि मग गोळी घ्या. चिठ्ठीवर काही लिहिलं नसेल तर डॉक्टरांना विचारूनच उठा.

आणि आता ते दोन आकडे: अंडी फुटायला तीन-चार दिवस, नव्या माद्या तयार व्हायला दहा ते चौदा. आयव्हरमेक्टिन जिवंत किडे मारतं, अंडी मारत नाही. कवचाच्या आत मज्जासंस्था अजून तयार व्हायची असते, तिथे लकवा कशाला मारणार? शिवाय औषध कातडीत फार दिवस टिकत नाही. दीड-दोन दिवसांत बरंचसं ओसरतं. चौथ्या दिवशी अंडी फुटतात तेव्हा पिल्लांना मारायला औषध उरलेलं नसतं. म्हणून दुसरा डोस सात ते चौदा दिवसांनी. तोवर सगळी अंडी फुटलेली असतात, पण त्यांतून आलेल्या माद्यांनी पुढची अंडी घालायला जेमतेम सुरुवात केलेली असते किंवा केलेलीही नसते. या फटीत दुसरा डोस बसवायचा. तो तीन आठवड्यांवर गेला की नवी पिढी बिळात बसलेली असते आणि पहिल्या डोसाचे पैसे पाण्यात जातात. मी लोकांना सांगतो, पहिला डोस रविवारी घ्या आणि दुसरा पुढच्या रविवारी, कारण रविवार लक्षात राहतो आणि घरातली माणसं त्या दिवशी एकत्र सापडतात.

एकत्र सापडणं हीच खरी मेख. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो, एकाच दिवशी उपचार घ्यायचे असतात. चाळीत एकाच खोलीत ढेकणांचं औषध मारलं तर ढेकूण शेजारी जाऊन आठवड्याने परत येतात, तसंच हे. पटवणं मात्र महाकठीण. एका सुनेने चिठ्ठी पुढे करून मला विचारलं, "दादा, सासूबाईंना कुठे खाज आहे? त्यांना कशाला गोळी?" मी म्हटलं, "ताई, नातू कोणाजवळ झोपतो?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "त्यांच्याजवळच. पण त्या घेणार नाहीत. म्हणतात, आमच्या घराण्यात असलं कधी कोणाला झालेलं नाही." घराण्याचा मान राखायचा तर डॉक्टरांनाच सासूबाईंशी बोलायला लावावं, हा माझा अनुभवाचा सल्ला. रात्रपाळीला गेलेला दीर, शनिवार-रविवारी हॉस्टेलवरून येणारी मुलगी, बाळाला दिवसभर कडेवर घेणाऱ्या मावशी, ही माणसं यादीतून सुटतात आणि तिथूनच खरूज परत येते. नवरा-बायकोपैकी एकानेच घेतलेला उपचार तर मी उपचार मानतच नाही.

सगळ्यांनी घ्यायचं याचा अर्थ सगळ्यांनी गोळीच घ्यायची असा नाही. १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना गोळी सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी परमेथ्रिन असतं. अंगावर पाजणाऱ्या आईबद्दल आणि दोन महिन्यांखालच्या बाळाबद्दल डॉक्टरांनीच ठरवायचं. तान्ह्या बाळांना मलम डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावावं लागतं, डोळे-तोंड सांभाळून, आणि हातांवर मोजे घालावे लागतात, नाहीतर औषध तोंडात जातं. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, लिव्हरचा आजार असेल तर ते आधी सांगा. बाकीच्यांना गोळीचा त्रास फारसा होत नाही. थोडी चक्कर, मळमळ, डोकं जड होणं, एवढंच बहुधा.

कपड्यांचं मात्र लोक फारच मनावर घेतात. अख्खं घर उपसून गाद्या जाळायला निघालेले लोक मी पाहिलेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये शेफिल्डला युद्धात भाग घ्यायला नकार दिलेल्या तरुणांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली पांघरुणं आणि आतले कपडे त्यांनी वापरले, आणि तसं करून खरूज झाली ती अगदी मोजक्यांना. अंगाला अंग लागून मात्र ती सहज झाली. किडा माणसाच्या अंगापासून दूर झाला की दोन-तीन दिवसांत मरतो. त्यामुळे गोळीच्या दिवशी गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. मुंबईच्या जुलैत ऊन कुठून आणणार म्हणाल तर चादरी, गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर माळ्यावर टाका. गादी जाळू नका.

दोन्ही डोस झाले, सगळ्यांनी घेतले, तरी खाज आहे. घाबरू नका. किडे मेले तरी त्यांची मढी आणि अंडी कातडीत असतातच, वरचा थर झडून जाईपर्यंत ॲलर्जी धुमसत राहते. दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, पहिले काही दिवस तर वाढूही शकते. त्यासाठी डॉक्टर खाज कमी करणारी दुसरी गोळी देतात. या काळात धीर सुटून रोज परमेथ्रिन चोपडत राहिलात तर कातडी कोरडी पडून त्याचीच खाज सुरू होते. याहून वाईट म्हणजे ती तीन-चार औषधं एकत्र घातलेली स्टिरॉइडची ट्यूब. "दादा, ती खाजेची ट्यूब द्या ना" म्हणून ती मागितली जाते, आणि आमच्या धंद्यातले लोक ती देतातही, हे मला लपवायचं नाही. स्टिरॉइडने दोन दिवस बरं वाटतं, किडे मात्र निवांत वाढतात आणि पुरळ असं बदलतं की मग डॉक्टरांनाही खरूज ओळखता येत नाही.

खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरले तर पू होतो. लहान मुलांच्या खरजेत ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. त्यातल्या एका जातीच्या जंतूमुळे पुढे किडनीला सूज येऊ शकते. सकाळी मुलाचं तोंड सुजलेलं दिसलं किंवा लघवी लालसर-चहासारखी झाली तर केईएम, सायन, नायर, जे हॉस्पिटल जवळ असेल ते गाठा.

एक प्रकार वेगळा आहे, पापुद्र्यांची खरूज. अंथरुणाला खिळलेली वयस्कर माणसं, एचआयव्ही असलेले, बरेच दिवस स्टिरॉइडवर असलेले, अशांच्या अंगावर किड्यांची संख्या हजारो-लाखोंवर जाते. कातडीवर जाड पापुद्रे चढतात आणि गंमत म्हणजे खाज फारशी नसते, म्हणून तो सोरायसिस, म्हणजे पापुद्रे येणारा कातडीचा दुसराच रोग, वाटतो. झडणाऱ्या पापुद्र्यांतून अख्ख्या वॉर्डला लागण होते. इथे दोन डोस पुरत नाहीत. जाड पापुद्र्यांत आणि नखांत औषध पोहोचत नाही, म्हणून तीन, पाच, कधी सात डोस ठरलेल्या दिवशी देतात आणि सोबत मलमही.

या गोळीचं नाव मुंबईत घरोघरी झालं ते मात्र खरजेमुळे नाही. २०२१ च्या लाटेत लोक कोविडवर म्हणून ती पाकिटंच्या पाकिटं घेऊन जात होते. शेजारच्या गोव्याने तर मे महिन्यात सगळ्या प्रौढांना ती देण्याची घोषणा केली होती. पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला, कोविडचे रुग्ण हॉस्पिटलात जाणं त्याने टळलं नव्हतं. तेव्हापासून खरजेसाठी ही गोळी लिहून दिली की काही जण संशयाने बघतात, "ही तर करोनाची ना?"

खरजेवर मात्र तिचा पुरावा भक्कम आहे. फिजीच्या बेटांवर गावंच्या गावं एकदम उपचाराखाली घेऊन पाहिली गेली. जिथे सगळ्यांना गोळी दिली तिथे खरजेचं प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आलं. मलमवाल्या गावांत ते ४२ वरून १६ टक्क्यांच्या आसपास आलं. हा निकाल २०१५ चा. आपल्या महाराष्ट्रात हत्तीरोगासाठी नागपूर जिल्ह्यात घरोघर जी तीन औषधं एकदम दिली गेली, त्यांतलं एक हेच. वसतिगृह, आश्रमशाळा, अनाथालय अशा ठिकाणी खरूज निघाली तर एकेका मुलाला दवाखान्यात नेत बसण्यापेक्षा सगळ्यांना, स्वयंपाकी आणि वॉर्डनसकट, एकाच दिवशी औषध देण्याची व्यवस्था डॉक्टरांकडून करून घ्यावी.

रस्त्यावरच्या कुत्र्याला खरूज आहे म्हणून त्याच्यावर दगड उचलू नका. त्याचा किडा वेगळ्या जातीचा. आपल्या अंगावर आला तर थोडे दिवस खाजवतो, पण तिथे संसार थाटू शकत नाही.

दुसऱ्या डोसानंतर चार आठवडे उलटून गेले आणि नवे फोड, नव्या रेघा येतच असतील, तर नवी ट्यूब मागायला दुकानात येऊ नका. डॉक्टरांकडे जा, आणि जाताना घरात कोणी कोणत्या तारखेला गोळी घेतली ते कागदावर लिहून न्या.